वचनांविना टोपली

अब्बांना मी अंजिराच्या झाडापर्यंत उचलूनच नेलं म्हणायला हवं. पाय त्यांचे जमिनीला लागत होते इतकंच. वल्हांडणाचा सण नुकता झाला होता आणि खालच्या फांदीवरची काही अंजिरं इतरांच्या आधी फुगली होती, अजून हिरवीच. अब्बांनी कमरेला खोचलेले लव्हाळे काढले आणि एक देठाभोवती गुंडाळायला घेतला.

आमच्याकडे सगळेच असं करतात. जे फळ आधी दिसेल त्याला लव्हाळा बांधायचा आणि म्हणायचं, हे पहिलं फळ. त्या क्षणापासून ते आपलं नाही. पिकेपर्यंत राखायचं, पिकलं की टोपलीत घालून यरुशलेमच्या मंदिरात न्यायचं.

गाठ बसत नव्हती. बोटं थरथरत होती. मी हात पुढे केला तर त्यांनी चापटी मारली.

"झाड तुझं आहे का?"

"नाही, अब्बा."

"मग?"

मी त्यांना काखेत धरून उभी राहिले. माझा खांदा भरून आला, पण त्यांनी पाचही अंजिरांना स्वतःच लव्हाळे बांधले. शेवटची गाठ मारताना ते माझ्या अंगावर जवळजवळ झोपलेच होते. घरी आणून निजवल्यावर म्हणाले, "टोपली पोचव. आणि वचनांचं... वचनांचं काय ते बघ."

अंजिरं पिकायच्या आत ते गेले.

वचनांचं काय ते बघ, असं का म्हणाले हे मला विचारावं लागलं नाही. टोपली कुणीही पोचवू शकतं, पण ती मंदिरातल्या याजकाच्या हाती देताना जी वचनं म्हणायची असतात ती जमिनीच्या मालकानंच म्हणायची. आमचा मूळपुरुष भटका, घरदार नसलेला होता, आम्ही मिसर देशात गुलाम म्हणून राबलो, मग देवानं ही जमीन मला दिली आणि तिचं पहिलं फळ हे बघ मी आणलं, असा त्यांचा सारांश. 'माझा बाप' या शब्दांनीच ती सुरू होतात. अब्बांना मुलगा नव्हता, म्हणून जमीन माझी झाली. तरी बाईनं ती वचनं म्हणायची नाहीत. पूर्वजांत या देशाच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा बायकांना वाटा नव्हता, म्हणून 'तू मला दिलेली' हे बाईच्या तोंडी खोटं ठरतं. असं शास्त्र आहे. अब्बांनी ते मला शिकवलं तेव्हा मी फार वाद घातला होता. ते हसले होते आणि म्हणाले होते, वाद बरोबर आहे, शास्त्रही बरोबर आहे, आता दिवा मालव.

ती वचनं मला लहानपणापासून पाठ आहेत. दरवर्षी मंदिरातल्या बायकांच्या अंगणातून मी अब्बांचा आवाज ओळखायची. मोठा नव्हता. मध्ये एकदा खाकरायचे, मग पुढे जायचे.

वल्हांडणानंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सप्तकांच्या सणाला आमच्या भागातली सगळी गावं आधी एका मोठ्या गावात गोळा होतात आणि तिथून मिरवणुकीनं निघतात. आमच्या गावाहून तिथवर एक दिवसाची वाट. माझ्या टोपलीत तळाला जव, मग गहू, मग पानं, आणि वर ती पाच अंजिरं, देठाच्या लव्हाळ्यांसकट. लांबची माणसं वाळवलेली अंजिरं आणतात, ते शहाणपणाचं आहे. आम्ही ना जवळचे ना लांबचे. दर थोड्या वेळानं पानं उचलून बघायची, चिरडली तर नाहीत ना.

"सारखी सारखी काय बघतेस? तान्हं मूल आहे का ते?" हुल्दामावशी म्हणाली. ती आमच्या शेजारची, विधवा, माझ्यासारखीच. तिच्या टोपलीला दोन्ही बाजूंनी कबुतरं बांधली होती आणि ती तिच्या कानाशी फडफडत होती. "माझी ही दोघं बघ. तुझ्या मावसोबासारखी. काम काही नाही, नुसती कुरकुर."

"मावशी, ते जाऊन किती वर्षं झाली. सोडा की आता."

"मी सोडलंय गं. तोच सोडत नाही."

पुढे बळीचा बैल चालला होता, शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर ऑलिव्हच्या डहाळ्यांचं मुंडावळीसारखं काहीतरी. बासरीवाला त्याच्यापुढे. बासरी इतका वेळ वाजत होती की ती ऐकू येईनाशी झाली होती. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. सणाला जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद असावा म्हणतात. माझ्या चेहऱ्यावर धूळ होती.

माझा चुलतभाऊ जब्दी मागून चालत होता. त्याची स्वतःची टोपली होती, चांगली भरलेली, आणि बरोबर त्याचे दोन मित्र होते. मित्र कशाला आणलेत ते मला संध्याकाळी कळलं.

त्या गावात कुणाच्या घरी उतरायचं नसतं, चौकातच पथाऱ्या टाकायच्या. घरात शिरलं आणि घरातलं कुणी मेलेलं असलं तर विटाळ होतो. हुल्दामावशी भाकरी आणि कांदा काढत होती. जब्दी येऊन माझ्या पथारीच्या कडेला बसला.

"शलोमित, खाल्लंस का?"

"खाते. बोल."

"सरळ बोलू? काका मला बापासारखे होते. त्यांच्या शेवटच्या टोपलीवर वचनं म्हटली जाणार नाहीत, हे मला बघवत नाही." तो खरं बोलत होता. जब्दी वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. "जमीन माझ्या नावावर कर. आत्ता. हे दोघं साक्षीला आहेत. उद्या मी मालक म्हणून तुझी टोपली देईन, वचनं म्हणेन. तू त्या घरात राहा, मरेपर्यंत राहा, धान्य मी घालीन. नाहीतरी तुझ्यानं ती जमीन कसवणार आहे का?"

"नाही कसवणार," मी म्हणाले.

तेही खरंच होतं. गहू उभा होता. उतारावरचा बांध ढासळला होता. अब्बा आजारी पडल्यापासून मी एक पूर्ण झोप झोपले नव्हते, आणि ते गेल्यावर झोपायची सवयच राहिली नव्हती. कुणीतरी माझ्या खांद्यावरून काहीतरी काढून घेत होतं, आणि त्या बदल्यात अब्बांना हवं होतं ते मिळत होतं. यात विचार करण्यासारखं काय होतं?

जब्दीनं खांद्यावरचा पंचा काढला आणि एक टोक माझ्यापुढे धरलं. आमच्यात असंच ठरतं. साक्षीदारांसमोर दुसऱ्यानं टोक धरलं की व्यवहार झाला.

मी टोक धरायला हात पुढे केला.

"शलोमित," शेजारच्या पथारीवरून नहूमकाका म्हणाले. आमच्या जथ्याचे ते म्होरके. पहाटे सगळ्यांना उठवायची हाक तेच देतात, म्हणून अंधार पडायच्या आत झोपतात. "त्या अंजिरांना लव्हाळे कोणी बांधले?"

"अब्बांनी."

"तेव्हा जमीन त्याची होती."

"हो."

"मग आता ती कुणाच्या का नावावर होईना. त्यानं आपली म्हणून वेगळी काढलेली फळं ती. मंदिरात पोचवा, चालेल. पण त्यांच्यावर वचनं म्हणायची तर ती त्यानंच. पुढच्या वर्षी जब्दी स्वतः बांधील, स्वतः म्हणेल. या वर्षीच्या फळांवर कुणीच नाही."

जब्दी वैतागला. "अहो काका, याजक काय गाठ बघत बसणार आहे? एवढी माणसं असतात. लव्हाळे काढून टाकू. त्यांनी बांधलेच नव्हते. हिनं परवा नुसती तोडून आणली, पहिलं फळ म्हणून वेगळी मी काढली. एवढंच सांगायचं. ते तरी कोण विचारतंय!"

"मी झोपलोय," नहूमकाका म्हणाले. "मी काही ऐकलं नाही." आणि त्यांनी कूस बदलली.

हुल्दामावशी भाकरी मोडता मोडता थांबली होती. "काढ गं," ती हळूच म्हणाली. "एक गाठ ती. मेलेल्याला काय कळतंय? त्याचं मन राहील."

मी टोपली पुढे ओढली आणि पानं बाजूला केली. अंजिरं आता जांभळी झाली होती, एकाला तडा गेला होता. गाठी पाहिल्या. लहान मुलानं माराव्यात तशा होत्या, एकावर एक, सैल, एक तर नुसता पीळच. सोडायला बोटाचा जोर लागला नसता.

वचनं हवीत तर एवढंच म्हणायचं होतं, की अब्बांनी त्या सकाळी काही केलं नाही. ते झाडापर्यंत आले नाहीत, माझ्या खांद्यावर त्यांचा घाम उतरला नाही, त्यांनी मला चापटी मारली नाही. त्यांनी हातांनी केलेलं ते शेवटचं काम. त्यांच्यासाठी चांगलं बोलता यावं म्हणून तेच पुसून टाकायचं.

मी पानं पुन्हा वर घातली.

"जब्दी, पंचा ठेव."

"अगं पण काका म्हणाले होते ना, वचनांचं बघ?"

"म्हणाले होते."

"मग?"

"मी बघितलं. होत नाही. त्यांनी बांधलंच नाही असं मी म्हणणार नाही."

त्यानं पंचा खांद्यावर टाकला आणि उठला. जाताना हुल्दामावशीला म्हणाला, "अगदी काकांवर गेली आहे. त्यांनाही असंच काही सांगायची सोय नव्हती." मावशीनं मला भाकरी दिली. मी खाल्ली. तिची चव लागली नाही, पण पोट भरलं.

पहाटे नहूमकाकांनी हाक दिली. पुढची वाट सगळी चढाची. शहराच्या वेशीशी कारागीर आपापली कामं टाकून उभे राहतात आणि गावाचं नाव घेऊन स्वागत करतात. चामड्याच्या वासाचा एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "या, भावांनो." मग चुकल्यासारखा हसला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

मंदिराच्या अंगणात रांग होती. माझ्यापुढे एक धिप्पाड माणूस होता, त्याला वचनं येत नव्हती. तशांसाठी मंदिराच्या सेवेतला एक लेवी शेजारी उभा असतो, तो सांगतो आणि मग माणूस म्हणतो. पूर्वी वचनं न येणारे लाजेनं यायचेच बंद झाले होते, म्हणून आता सगळ्यांनाच सांगतात, येणाऱ्यांनाही. 'माझा बाप,' लेवी म्हणाला. 'माझा बाप,' तो माणूस म्हणाला आणि तिथेच अडकला. डोळे पुसायला लागला. लेवीनं पुन्हा सांगितलं. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर पुढे गेले, शेवटपर्यंत, आणि मध्ये एका जागी थांबले, जिथे खाकरायचं असतं.

मग मी. याजक तरुण होता, पण सकाळपासून उभा असणार, कारण तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. लेवीनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"जमीन तुझी?" याजकानं विचारलं.

"हो. पण मी वचनं म्हणत नाही."

"माहीत आहे." त्यानं टोपलीखाली हात घातला. माझा हात वर, त्याचा खाली. रीतीप्रमाणे त्यानं टोपली हलवली, पुढे, मागे. पानं सरकली आणि अंजिरं दिसली. "झाडं कोणी लावली?"

हे विचारायचं नसतं. निदान मी कधी ऐकलं नव्हतं. थकलेला माणूस काहीतरी बोलतो तसं तो बोलला असेल.

"माझ्या वडिलांनी."

"कुठून आले होते?"

"कुठून नाही," मी म्हणाले. "माझे वडील तिथेच जन्मले. ते कुठे भटकले नाहीत. जेवढं चालले ते इथवर यायलाच, दरवर्षी. बांध त्यांनी बांधला, विहीर त्यांच्या आज्यानं. दुष्काळात सगळे गाव सोडून गेले तरी ते राहिले. त्यांना मुलगा नव्हता. मला अक्षरं त्यांनी शिकवली. ही अंजिरं त्यांनी राखली, आणि मी आणली."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आम्हालाही अंधार पडायच्या आत परतायचंय."

याजक हसला नाही. "ठेव," तो म्हणाला.

मी टोपली वेदीपाशी ठेवली, नमस्कार केला आणि निघाले. श्रीमंतांच्या सोन्याचांदीच्या टोपल्या परत देतात, आमच्या वेताच्या ठेवून घेतात. हात मोकळे लोंबत होते, त्यांचं काय करावं कळेना.

पायऱ्यांवर हुल्दामावशी बसली होती, कबुतरांविना. "इतका वेळ काय बोलत होतीस गं त्याच्याशी?"

"काही नाही. त्यानं विचारलं ते सांगितलं."

जब्दी खालच्या पायरीवर वहाणेचा पट्टा बांधत होता. वर न बघता म्हणाला, "मग जमिनीचं काय करणार आहेस?"

मी त्याच्या शेजारी बसले. पाय फार दुखत होते.

"गहू कापायला आलाय," मी म्हणाले. "परवा चार माणसं घेऊन ये. तूही ये. आणि बांधाचं मला दाखव, दगड कसे बसवायचे ते."

"तू दगड बसवणार?"

"तू दाखव तर."

त्यानं पट्ट्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "पहाटे यावं लागेल. उन्हात नाही होत ते काम."

"पहाटे ये," मी म्हणाले.