बहिणींच्या बाजूचं एक 'नाही'

"हो रे बाबा, हो," पहिल्या बाकावरून म्हाताऱ्या फ्रेनी नोल्टचा पातळ आवाज आला. "देवाशी समेट आहे, माणसांशी आहे, शेजारच्या कोंबड्यांशीसुद्धा आहे. मला प्रभुभोजन हवंय. तेवढं मिळालं की मी सुटले."

बायकांच्या बाजूला हलकंसं हसू पसरलं. डीकन फॅरेस सेन्सेनिग हसला नाही. सभेत तो कधीच हसत नसे. त्याने मान लववली आणि पुढच्या बाईसमोर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला, त्याची बायको सालोमा बसली होती. मांडीवरचा रुमाल ती घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. शेजारच्या एस्टाने शेवटी तिच्या हातावर हात ठेवला. "अगं, फाटेल तो," ती पुटपुटली.

वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी, टेकडीवरच्या त्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीत हाच प्रश्न विचारला जाई. पुरुषांना मंडळीचा प्रमुख, बिशप, विचारी; बायकांना त्याच्या हाताखालचा सेवक, डीकन. एकेकाला, समोर उभं राहून. देवाशी आणि माणसांशी तुझा समेट आहे का? सगळ्यांचं 'हो' आलं की पुढच्या रविवारी भाकर मोडायची. एकाचं जरी 'नाही' आलं तर मेज मांडायचं नाही. आधी ते 'नाही' मिटवायचं. कुंपणावरून बोलणं तुटलेले सख्खे भाऊ या एका प्रश्नापायी एकमेकांच्या दारात जाऊन रडलेले सालोमाला ठाऊक होते. मंडळीला ना कोर्ट ना पोलीस. जो काही कारभार होता तो असा, एकमेकांच्या तोंडाकडे बघून चालायचा. आणि सभेत उघड 'नाही' म्हणायची वेळ शक्यतो कुणी आणत नसे. उगाच चारचौघांच्या तोंडी कोण येईल?

सालोमा आजवर 'हो'च म्हणत आली होती. नवरा डीकन झाल्यापासून तर तिला दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. प्रभुभोजनाची भाकर तिच्या चुलीवर भाजली जाई, कपाचं फडकं ती धुई, आणि प्रभुभोजनाला फॅरेस घाली तो काळा, उभ्या गळ्याचा कोटही तिनेच शिवलेला. दुसऱ्यांची भांडणं मिटवायलाही तोच कोट घालून फॅरेस घरोघर जाई आणि नेहमी समोरच्या दारावर थाप मारी. त्या मुलखात समोरचं दार लग्नाला आणि मयताला. एरवी जो तो स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरतो. त्यामुळे समोर थाप पडली की घरातले हातातलं काम टाकून उभे राहायचे. आलाच बघा डीकन!

घरी परतल्यावर मात्र तो चकार शब्द काढत नसे. "डीकनने ऐकलेलं डीकनपाशी," एवढंच म्हणे आणि गाईंकडे जाई. सालोमाला याचा अभिमान होता. बायका तिला खोदखोदून विचारत, "काय गं, काय म्हणत होते वीव्हरकडे?" आणि ती खरंच सांगे, "मला काय माहीत?" कुणाचा विश्वास बसत नसे, पण तिला खरोखरच काही माहीत नसे.

मग एर्लाची गोष्ट झाली.

एर्ला त्यांची एकुलती एक मुलगी. शहरात जाऊन नर्स झाली तोवर ठीक होतं. मग तिने केस कापले आणि प्रार्थनेची पांढरी टोपी काढून ठेवली ती ठेवलीच. मंडळीने वाट पाहिली, निरोप धाडले. समजवायला डीकनने जायचं असतं, आणि डीकन तिचा बाप होता. "दुसऱ्या कुणाला पाठवू या," असं बिशप मॅलन ग्रॉफ म्हणाला होता म्हणे. फॅरेसने ऐकलं नाही. दुसऱ्यांच्या पोरींकडे मीच गेलो, माझ्या पोरीकडे मी का नको? तो कोट घालून गेला, पुन्हा गेला, आणखी एकदा गेला. सालोमाला वाटायचं, कुणाचं तरी भांडण मिटवायला गेलाय.

आणि एका रविवारी उपदेशानंतर सभासदांना थांबायला सांगितलं गेलं. फॅरेस उठला, पुढे गेला, आणि न अडखळता म्हणाला, "जड अंतःकरणाने भगिनी एर्ला सेन्सेनिगला आपण सभासदत्वातून मोकळं करत आहोत." सालोमाने ते ऐकलं ते एस्टाबरोबर, फ्रेनीबरोबर, सगळ्या बाकांबरोबर. निदान आदल्या रात्री, दिवा मालवताना तरी सांगायचं होतंस रे माणसा! तिच्या मनाने तेव्हापासून जो ठाव सोडला तो सोडलाच. तरी पुढच्या सभेत ती 'हो' म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं, प्रत्येक सभेत.

मंडळीचा नियम तिला मान्य होता. टोपी काढली तर प्रभुभोजन नाही, हे एर्लालाही बाप्तिस्म्याच्या वेळी माहीत होतं. पण लेकीशी बोलू नये, तिच्याकडे जेवू नये, असं काही या मंडळीत नव्हतं. सालोमा वाट बघत राहिली, की लेक कधीतरी बोलावील. बोलावणं आलं नाही. आपलं तोंडही बघायला नको असेल तिला, असं समजून ती गप्प बसली.

या मंगळवारी बाजारात अंडी विकायला गेली असताना समोर एर्ला उभी. हातात कोबी. एर्लाच बोलली.

"उत्तर तरी द्यायचंस, आई. येत नाही म्हणायचंस. मी काय जबरदस्ती करणार होते?"

आणि कोबी तिथेच ठेवून निघून गेली.

त्या दिवसापासून सालोमाला चैन नव्हतं. पिठात मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. कसलं उत्तर? कुणाला? तिने फॅरेसला गोठ्यात गाठलं. "एर्लाने तुझ्याजवळ माझ्यासाठी काही निरोप दिला होता?" तो धारा काढत राहिला. रात्री अंथरुणात पुन्हा विचारलं. "डीकनने ऐकलेलं डीकनपाशी, सालोमा," तो म्हणाला आणि कूस बदलली.

आता तोच तिच्या बाकापर्यंत आला होता.

"भगिनी सालोमा," फॅरेस म्हणाला. नजर नेहमीप्रमाणे तिच्या डोक्याच्या थोडी वर, खिडकीच्या चौकटीवर. "देवाशी आणि माणसांशी तुझा समेट आहे का?"

"देवाशी आहे," सालोमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माणसांशी म्हणशील तर नाही. एका माणसाशी नाही."

एस्टाचा श्वास अडकलेला ऐकू आला. फॅरेसची नजर खिडकीवरून खाली आली. पण नियम त्याला पाठ होता, आणि पाठ असलेलं माणूस बुडतानाही म्हणतं.

"त्या माणसाकडे... एकटी जाऊन बोललीस का?"

"बोलले. दोनदा."

"मग?"

"तो म्हणाला, डीकनने ऐकलेलं डीकनपाशी."

फॅरेसचे कान लाल झाले. मग "तुझं ऐकलं," असं म्हणून, जसं म्हणायचं असतं तसं म्हणून, एस्टासमोर सरकला.

"काय? मी?" एस्टा दचकली. "हो, हो, माझं सगळं हो!"

शेवटी बिशप मॅलन उठला. पाच मंडळ्या सांभाळून थकलेला माणूस. "बहिणींच्या बाजूला एक 'नाही' आहे," तो म्हणाला. त्याने नाव घेतलं नाही, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं? "पुढच्या रविवारपर्यंत मिटलं तर मेज मांडू. नाहीतर शरद ऋतूत बघू."

दारात फ्रेनीने काठीने सालोमाची वाट अडवली. "शरद ऋतू? तोवर मी त्या मागच्या अंगणात पुरलेली असेन गं."

"मला माहीत आहे, फ्रेनी," सालोमाचे डोळे भरून आले. "मी तुझ्यावर अन्याय करतेय. पण माझ्याने खोटं बोलवलं नाही."

"मग नको बोलूस. खोट्या 'हो'वर वाढलेलं मला घशाखाली उतरणार नाही." म्हातारीने काठी बाजूला घेतली. "पण जरा घाई कर, बरं का."

गाडी घरी पोहोचली. फॅरेस गोठ्यात गेला. सालोमाने कॉफी ठेवली, उतरवली, पुन्हा ठेवली. आपण हे काय करून बसलो? भर सभेत नवऱ्याला उघडं पाडलं. चाळीस माणसांचं प्रभुभोजन आपल्या एका शब्दापायी अडलं. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत फेऱ्या मारत राहिली. आता येईल, बूट काढील, हात धुवील, आणि काही झालंच नाही असं जेवायला बसेल. तसा बसला तर मी काय करू?

थाप पडली. समोरच्या दारावर.

दार दमटपणाने फुगलेलं. तिला खांदा लावून ओढावं लागलं. ओट्यावर फॅरेस उभा होता. अंगात काळा कोट, केस ओले करून विंचरलेले, हॅट हातात.

"भगिनीचं माझ्याविरुद्ध काही आहे असं कळलं," तो म्हणाला. "म्हणून आलो."

तिला हसू येईल की रडू, काही कळेना. "आत ये, भाऊ फॅरेस," ती म्हणाली. "बस."

आपल्याच बैठकीच्या खोलीत तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. हॅट कुठे ठेवावी ते त्याला सुचेना. हॅटची खुंटी स्वयंपाकघरात होती.

"शेवटच्या वेळी गेलो," तो हॅटशी बोलू लागला, "तेव्हा ती म्हणाली, मंडळीचं मला कळलं, बाबा, तुम्हाला करायचं ते करा. पण आईला विचारा, माझ्याकडे जेवायला येईल का. रविवारी कामाला सुट्टी असते म्हणाली. दर रविवारी वाट बघेन म्हणाली."

सालोमा उभी होती ती खाली बसली.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"डीकनने..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं. हॅट दोनदा फिरवली. "नाही. ते नुसतं निमित्त. मी घाबरलो, सालोमा. तू जाशील हे मला माहीत होतं. मग वीव्हर म्हणेल, माझी पोरगी काढली तेव्हा डीकन ताठ, आणि स्वतःच्या पोरीकडे बायको जेवायला धाडतो. दोन मापं ठेवतो. आयुष्यभर मी एकच माप ठेवलं."

"वीव्हरला कुणी मना केलं होतं लेकीकडे जेवायला?" सालोमा ताडकन म्हणाली. "आँ? नियमात आहे का? तुझ्या मापाला वरून आणखी एक मूठ घातलीस तू, ती माझ्या ताटातली. दोन वर्षं माझी लेक वाढून ठेवतेय आणि मी इथे समजतेय की तिला माझं तोंड नको! तुझी बायको नाही का रे मी? बाकावरची एक बाई, एवढीच?"

त्याची हनुवटी थरथरत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फॅरेसला असं रडताना तिने पाहिलं नव्हतं. त्याला रडणंही नीट जमत नव्हतं. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

ती उठली. आत जाऊन शाल आणि बाहेर जाताना घालायची बॉनेट टोपी घेऊन आली.

"कुठे?" त्याने विचारलं.

"जेवायला. गाडी काढ."

"आत्ता? आज शनिवार आहे. ती असेल-नसेल."

"दोन वर्षांचं जेवण झाकून ठेवलंय पोरीने. गार झालं असेल. चल."

एर्ला शहराच्या टोकाला अर्धं घर भाड्याने घेऊन राहत होती. पोहोचेपर्यंत भुरभुर पाऊस सुरू झाला होता. खिडकीत दिवा दिसला. फॅरेस पुढे झाला, सवयीने, आणि त्यानेच थाप मारली.

दार उघडलं. आखूड केसांची एर्ला. तिची नजर आधी त्या कोटावर गेली आणि चेहरा दगडासारखा झाला. बापाच्या पाठीमागे, पायरीखाली उभी असलेली आई तिला अंधारात दिसलीच नाही.

"पुन्हा?" ती म्हणाली. "आता काय काढायचं राहिलंय, बाबा? नाव काढलंत. आणखी काय आहे माझ्याजवळ?"

फॅरेसने कोटाची बटणं काढायला घेतली. गळ्यापासून खाली, एकेक. बोटं थंडीने वळत नव्हती, सालोमाला ते कळत होतं, पण ती पुढे झाली नाही. त्याने कोट काढला आणि ओट्याच्या कठड्यावर टाकला. पांढऱ्या शर्टात, खांद्यांवर पट्टे, तो एकदम लहान दिसायला लागला.

"जेवायला आलोय," तो म्हणाला. "आईला घेऊन. तुझा निरोप मी दिला नव्हता, पोरी. आज दिला."

एर्लाने पायरीकडे पाहिलं. "आई?"

"बाजारात तू कोबी विसरून गेलीस," सालोमाला एवढंच सुचलं.

टेबलावर खरं तर काहीच नव्हतं. एर्ला एकटीपुरतं करत होती. तिने बिटात मुरवलेली अंडी काढली, उरलेले नूडल्स गरम केले, बापाला खुर्ची दिली आणि स्वतः उलट्या खोक्यावर बसली. प्रार्थनेला तिघांनी माना खाली घातल्या. फॅरेस मोठ्याने म्हणतो ती प्रार्थना आज त्याच्या तोंडून निघेना, तेव्हा ती एर्लानेच पुरी केली. तिच्या डोक्यावर टोपी नव्हती, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी भाकरीचं ताट तिच्यापर्यंत जाणार नव्हतं, हेही तिघांना माहीत होतं. ते आज मिटणार नव्हतं आणि कदाचित कधीच मिटणार नव्हतं.

बाहेर पावसाने जोर धरला. फॅरेसने खिडकीकडे पाहिलं आणि अर्धवट उठला.

"कोट भिजतोय," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी..." तो थांबला. मग सालोमाकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "रविवारी लागेल का मला तो?"

सालोमाने अंड्याचे दोन भाग केले आणि मोठा त्याच्या ताटात ठेवला.

"लागेल," ती म्हणाली. "फ्रेनी वाट बघतेय. वाळेल तोवर. तू बस."

तो बसला. एर्लाने नूडल्सचं भांडं आईकडे सरकवलं.