शाबानीची उंची

० मीटर

पाण्यात पडण्याआधी मिसीनं खिशातली दोरी तिसऱ्यांदा चाचपली. मासे ओवायची साधी दोरी, एका टोकाला शिशाचं वजन.

"दोरी कशाला?" म्बारूककाकांनी सुकाणूवरूनच विचारलं. होडी त्यांची, आणि गावच्या प्रवाळ समितीचे प्रमुखही तेच. त्यामुळे कुणालाही काहीही विचारायचा हक्क त्यांना दोन्हीकडून होता.

"बोयाची साखळी मोजायला."

"साखळी काय दर महिन्याला वाढते?"

"मोजल्याशिवाय कसं कळणार, काका?"

टाकीचा पट्टा आवळत जेफा हसला. तो मिसीचा जोडीदार; पर्यटकांना बुडालेली बोट दाखवायचं काम दोघं मिळून करायचे. "मोजू द्या काका. बायका मोजायला बसल्या की आपण गप्प बसावं. नाहीतर आपल्यालाच मापात घेतात."

आज पर्यटक नव्हते. महिन्यातून एकदा बोयाची साखळी तपासायची, म्हणून सकाळीच तिघं निघाले होते. काकांनी नेहमीप्रमाणे दोघांचे हात पाहिले. हातमोजे घालून बोटीवर उतरायचं नाही, असा समितीचा नियम. ज्याचा हात उघडा, तो कशाला धरायला धजत नाही. शिंपले कापतात, काही काही प्रवाळ जाळतं. नियम मिसीनंच सुचवला होता, चार वर्षांपूर्वी, सगळ्या गावासमोर उभं राहून.

तिचे हात उघडे होते. मांडीला सुरी होती, पण सुरी सगळ्यांच्याच मांडीला असते.

० मीटर, कालची दुपार

पेटी उघडी होती आणि आईच्या मांडीवर बाबांचा कांझू. पांढरा, गळ्याला रेशमाची बारीक वेल, आणि खाली कापडाची नुसती कच्ची कड. धागे सुटलेले. पायघोळ झगा शिवताना सगळं आधी होतं, तुरपाई शेवटी: माणूस उभा राहतो, बायको पायाशी बसून घोट्यापाशी खूण करते. बाबा म्हणाले होते, या फेरीहून आलो की उभा राहतो. ती फेरी सतरा वर्षांपूर्वीची. बोट मोझांबिकच्या पलीकडे गेली आणि बातमीसुद्धा परत आली नाही.

"शेजारच्या मुलाचं शुक्रवारी लग्न आहे, आई. त्याच्याकडे धड कांझू नाही. देऊन टाक."

"अर्धवट शिवलेलं कुणी दान देतं का? आपल्यात?"

"मग कर तुरपाई."

"कुठवर करू? हवेला विचारू?" आईनं कड बोटांवर धरली. तिचं नाव रिझिकी. गावातल्या निम्म्या नवरदेवांच्या टोप्यांवरचं भरतकाम तिच्या हातचं. "तुझा काका म्हणतो, माझा भाऊ शाबानी दाराला डोकं आपटायचा. मावशी म्हणते, बुटकाच होता. फोटो एक, तोही सिमेंटच्या पोत्यावर बसून काढलेला."

"तुला नाही आठवत?"

आईनं कांझू घडी करून पेटीत ठेवला. मग पेटीचं झाकण लावत म्हणाली, "आण जा त्याचं माप. लगेच करते तुरपाई."

हे ती टोमणा म्हणून बोलली होती. नाही म्हणायची ती तिची पद्धत. पण मिसीनं तो टोमणा जमिनीवर पडू दिला नाही. वरच्यावर झेलला.

९ मीटर

कान दुखले की नाक दाबायचं, हळूच फुंकायचं, पुढे जायचं. वरचा उजेड हिरवा होत जातो.

इथपर्यंत उतरलं की तिला नेहमी बटाट्यांचा वास आठवतो.

बाबा 'झुहुरा'वर स्वयंपाकी होते. सिमेंट आणि तिवराचे वासे वाहणारी जुनी बोट. ती मोंबासाला लागली की आई मिसीला घेऊन बस पकडायची. भटारखान्यात शिरण्याआधी बाबा तिला दाराच्या लोखंडी चौकटीला टेकवून उभी करायचे, डोक्यावर तळहात सपाट ठेवायचे आणि छिन्नीनं चौकटीवर एक रेघ ठोकायचे. आजीला कळलं तेव्हा तिनं आकांत केला होता. जित्या लेकराला मापतात का, माप कफनाचं घेतात. बाबा म्हणाले, "मी तिची भाकरी किती मोठी करायची ते बघतोय."

पाच रेघा झाल्या. सहावी तिनं मारली. अकरा वर्षांची होती. बटाट्यांच्या खोक्यावर चढून म्हणाली, आता तुम्ही उभे राहा. छिन्नी तिच्या हातात, तिचा हात बाबांच्या हातात. रेघ वाकडी गेली. वरच्या बिजागरीला कान लागला तसे बाबा दचकले. "थंड आहे ग." मग रेघेकडे बघून म्हणाले, "असू दे वाकडी. माझी म्हणून ओळखू येईल."

पुढच्याच महिन्यात 'झुहुरा' मोडीत निघाली आणि बाबांनी दुसरी बोट धरली.

२२ मीटर

'झुहुरा' डाव्या कुशीवर पडलेली आहे. उभी राहायला हवी होती. आठ वर्षं धक्क्याला गंजल्यावर गावानं तिला मागून घेतलं, तेल काढलं, कुणी आत अडकू नये म्हणून सगळी दारं कापून काढली आणि प्रवाळाला घर म्हणून बुडवली. मौलवींनी दुआ म्हटली, हॉटेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बोट बुडता बुडता थकल्यासारखी आडवी झाली. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

म्हणून इथं भिंत म्हणजे जमीन, आणि दार म्हणजे आडवी पडलेली खिडकी. चौकटही आडवी.

जेफानं साखळीकडे बोट दाखवलं. मिसीनं स्वतःकडे, मग दाराकडे. त्यानं भुवया उंचावल्या, दोन बोटं डोळ्यांशी नेली: नजरेसमोर राहा. तो दहा हातांवर साखळीशी थांबला.

पहिल्या वर्षी सगळ्या रेघा दिसत होत्या. सहाही. ती तेव्हा नवी नवी शिकलेली. रोज बघायची आणि पुढे जायची. वाटायचं, लोखंड कुठं जातंय. मग शिंपले आले. मग नारिंगी स्पंज. पर्यटकांना ती उजेड टाकून दाखवायची: बघा, किती भरलंय. भरावं म्हणूनच बोट बुडवली होती. आता चौकट मनगटाएवढी जाड झाली आहे आणि तिच्यात कुठंही माणसाची खूण नाही.

ती चौकटीला समांतर आडवी झाली. पूर्वीचं डेक आता पायाशी भिंतीसारखं उभं होतं; पायांतले रबरी फिन काढून तिनं टाचा त्याला टेकवल्या. पाठ चौकटीला, हात अंगाला. अठ्ठावीस वर्षांची बाई, पाण्याखाली, माप द्यायला झोपलेली. जेफा बघत असणार. बघू दे.

हात डोक्यावर सपाट ठेवून तिनं आपली उंची धरली आणि वळून पाहिलं. तळहाताखाली शिंपले. त्याच्या वर शिंपले. आणखी वर, पसाभर गुलाबी मऊ प्रवाळ, प्रवाहात डुलणारं.

काका म्हणतो दाराला डोकं. मावशी म्हणते बुटका. सगळी चौकट खरवडली तर कुणाचं तरी खरं निघेल. पण सगळी चौकट खरवडायची नाही. तळहाताएवढी जागा, एकदाच, एवढंच तिनं स्वतःला मंजूर केलं होतं.

काट्यावर हवा अर्ध्याला आली होती.

बिजागरी. दार कापलं तेव्हा बिजागरीचं थोटुक चौकटीलाच राहिलं होतं. तिनं बोटांनी चाचपत ते शोधलं, स्पंजाखाली एक गाठ. कान इथं. मग डोकं इथून वीतभर.

ती जागा नेमकी शिंपल्यांची होती. गुलाबी प्रवाळ बोटभर बाजूला राहिलं. तिला बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. रिकाम्या शिंपल्यातून करंगळीएवढा मासा तोंड काढून तिच्याकडे बघत होता. तिनं सुरीच्या मुठीनं शिंपल्यावर टकटक केलं, तेव्हा तो निघून गेला.

पहिला शिंपला सुटताना तिचं बोट कापलं. बावीस मीटरवर रक्त हिरवं दिसतं. ती खरवडत राहिली.

काळं लोखंड आलं. त्यावर काहीच नव्हतं. अजून थोडं. सुरीचं टोक एका खाचेत अडकलं.

वाकडी.

दोरीचं वजन तिनं डेकच्या कोपऱ्यात दाबून बसवलं, दोरी ताणत चौकटीवरून आणली आणि रेघेपाशी गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. गाठ बसली तेव्हा जेफा तिच्या शेजारी येऊन थांबला होता. खरवडलेल्या जागेकडे त्यानं पाहिलं. मग अंगठा वर केला. चल. वेळ झाली.

५ मीटर, तीन मिनिटं

इथं थांबायचंच असतं. अंगात मुरलेली हवा हळूहळू सुटू द्यायची, नाहीतर वर जाऊन माणूस मोडतो.

पहिलं मिनिट. तिनं दोरी सोडली. वजनानं ती सरळ खाली लोंबली. वजन टाचेशी येईल अशी तिनं ती शेजारी धरली आणि गाठ कुठं येते ते पाहिलं. तिच्या डोक्याच्या वर चार बोटं. एवढंच. बाबा एवढेच होते. इतकी वर्षं ती त्यांच्याकडे मान वर करून बघत होती.

दुसरं मिनिट. प्रवाहानं दोरी थोडी हलली. जवळ आली, लांब गेली. शेजारी कुणी उभं असलं आणि त्याला बसायची घाई नसली, की तो असाच हलतो.

तिसरं मिनिट. मास्कमध्ये पाणी साचलं. जेफानं स्वतःच्या मास्ककडे बोट करून विचारलं, गळतोय का? तिनं मान हलवली. हो, गळतोय.

० मीटर

म्बारूककाकांनी तिला हात देऊन वर घेतलं आणि हात सोडलाच नाही. तिचं कापलेलं बोट उलटसुलट करून पाहिलं.

"साखळीला शिंपले कधीपासून लागायला लागले?"

मिसीनं हात सोडवून घेतला.

"नियम कुणी केला होता?"

"मी."

"मग शिक्षाही तूच सांग. माझी सकाळ खराब करू नकोस."

"एक महिना पाण्यात उतरायचं नाही. आणि प्रवाळ लावायचे सिमेंटचे बारा ठोकळे मी ओतायचे."

"वीस," काका म्हणाले.

"काका, नियमात बारा लिहिलंय," जेफा म्हणाला.

"ती लिहिताना चुकली होती. आठ तू ओतायचेस. बघत उभा होतास ना?"

जेफानं टाकी खाली ठेवली. "मी साखळी बघत होतो."

काकांनी इंजिन चालू केलं. बरंच अंतर गेल्यावर, किनाऱ्याकडे बघत, त्यांनी विचारलं, "केवढी भरली मग, साखळी?"

"माझ्यापेक्षा चार बोटं जास्त."

"हं. तरी मी म्हणायचो. लोक उगाच वाढवून सांगतात."

जमीन

आईनं आधी तिच्या बोटाला हळद लावली, ओरडली, मग नारळाच्या रसातली तूर आणि महामरीच्या गोडसर पुऱ्या समोर ठेवल्या. मिसीनं खाल्लं नाही. दोरी जमिनीवर ठेवली.

"हे काय?"

"माप."

आईनं विचारलं नाही कुठलं. पदर हनुवटीखाली खोचला, दोरीचं वजन आपल्या टाचेखाली दाबलं आणि गाठ वर धरली. दोघी गाठीकडे बघत राहिल्या.

"एवढा नव्हता," आई म्हणाली.

"आई, खूण आहे. मी स्वतः मारलेली."

"भटारखान्यात पाणी सांडलेलं असायचं. जाड तळाचे बूट घालायचा तो तिथं. बूट काढायला सांगितलं होतंस?"

मिसीला हसू आलं आणि मध्येच थांबलं. अकरा वर्षांच्या मुलीला ते सुचलं नव्हतं.

"धर." आईनं गाठ मिसीच्या हातात दिली. "वर धर. हलवू नको." मग ती दोरीच्या अगदी जवळ आली, जितकं जवळ कुणी दोरीच्या येत नाही. डोळे मिटले. कपाळ पुढे केलं, थोडं खाली घेतलं, पुन्हा वर. कपाळ दोरीला जिथं लागलं तिथं तिनं चिमूट धरली.

"हनुवटी इथं यायची." चिमटीपासून तिनं वीत टाकली, वर दोन बोटं. ती तिच्या टोपीवाल्या गिऱ्हाइकांची नेहमीची मापं. बोटं गाठीच्या खाली थांबली. "बघ. दोन बोटं खाली."

तिथं तिनं दुसरी गाठ मारली. पहिली सोडली नाही.

कांझू अंथरायला वेळ लागला नाही. दोरीवरून घोटा, घोट्यावरून कड. सुईत दोरा मिसीनं ओवला, आईचे डोळे आता तेवढे चालत नाहीत. आई शिवत गेली. मिसी बघत होती. टाके लांब होते, सैल, बोटाच्या पेराएवढे. ज्या बाईची तुरपाई शोधूनसुद्धा दिसत नाही, तिचे.

"हा कच्चा टाका आहे, आई."

"दिसतंय मला."

"धुतला की निघेल."

"निघू दे. परत घालीन."

"असा दान कसा द्यायचा?"

आईनं दोरा दातांनी तोडला. कांझू झटकला, घडी घातली, वरून हात फिरवला आणि मिसीच्या ओंजळीत ठेवला.

"दान कोण देतंय? शुक्रवारपुरता उसना म्हणून सांग. शनिवारी आणून दे म्हणावं, घरात लागतो."