सातवी चकती

"गॅस पेटवायचाच न्हाय, आज्जी. शिजवायचं न्हाय, तळायचं न्हाय. नुसतं चिरायचं आणि मांडायचं." पूर्णिमानं मोबाइल अंबूबाईच्या नाकापुढं धरला.

"निपाणीचं पाव्हणं तुला बघायला येणार, आणि त्येंच्याम्होरं कच्ची काकडी? वडगावात आमास्नी म्हशीगत चारा घातला म्हणून सांगत सुटतील."

"पोहे खाऊन कंटाळलेत गं सगळे. आता असंच असतंय."

"आण मग परात. तुझ्या आजोबाला हे मोबाइलच्या आधीपासनं ठावं होतं."

ते खोटं नव्हतं. अमावस्येला हातमाग बंद असायचा. त्या दिवशी कुणी आलं की तिचा नवरा बसवंत स्वतः पितळी परात घेऊन बसायचा. जन्मभर लुगडी विणलेला माणूस, परातीतही लुगडंच मांडायचा. कडेनं काकडीच्या चकत्यांचा हिरवा काठ, आत मुळ्याची पांढरी रेघ, मग भिजवलेले मूग आणि मधोमध डाळिंबाचे दाणे. परातीच्या कडेला एक पोचा होता. तिथून मोजून सातवी चकती मात्र तो गाजराची ठेवायचा.

मागावरही त्याचं तसंच. पदराच्या टोकापासून सात बोटं आत, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, धोट्यानं लाल धाग्याची एकच आडवी रेघ टाकायचा. "देखणं कुणीबी विणतंय," म्हणायचा. "हे माझ्या हातचं, एवढं कळाय पायजे."

पूर्णीच्या लग्नाचं लुगडं मीच विणणार, असंही म्हणायचा. आधी त्याची नजर गेली, मग माग मोडला, मग तोही गेला. त्यालाही आता तीन वर्षं झाली. विणलेलं सगळं खडेबाजारात विकलं गेलं होतं; घरात त्याच्या हातचं एक लुगडं उरलं नाही. तेव्हापासून लग्नाकार्यात अंबूबाई परक्या बायकांचे पदर हळूच उलटून बघायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "कापड गं, कापड." लाल धागा एकदाही सापडला नव्हता.

तिच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिनं बोटांनी चाचपत काठ मांडला. पोच्यापासून सहा चकत्या मोजल्या आणि सातवी गाजराची ठेवली. लहानपणी पूर्णिमा आधी तीच चकती उचलून पळायची. आज आठवेल तिला, असं वाटून अंबूबाई थोडा वेळ वाट बघत बसली. पूर्णिमा "लई भारी, आज्जी!" म्हणाली आणि साडी नेसायला गेली.

सून मंजुश्री, पूर्णिमाची आई, घाईघाईनं आत आली. परात बघून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच कपाळावर आठी आली.

"आत्ती, ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर ऐकत न्हाईसा. काकडीत गाजर घातलंसा की!"

तिनं दोन बोटांनी ती चकती उचलून सालींच्या ढिगात टाकली आणि जागेवर काकडी सरकवली. अंबूबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारात गाडी थांबली. मंजुश्रीनं पदर सारखा केला. मग पुन्हा सारखा केला. पोरीच्या आईला आज काय सांगायचं? अंबूबाईनं परात तिच्याकडं सरकवली.

मुलाची आजी गुणाबाई परातीकडं बघतच राहिली. "अगं बाई, मशिनीवर केल्यागत! एवढीशी चूक न्हाय. कुणी केलं हे?"

"आमच्या आत्तींनी," मंजुश्री अभिमानानं म्हणाली.

अंबूबाईनं हात जोडले. शेजारी बसलेल्या गुणाबाईंच्या पदराकडं सवयीनं तिचा हात गेला आणि अर्ध्यातून मागं आला.

सहा वाजता हातावर साखर पडली. लग्न जमलं. बाहेर हसणं चाललं होतं. स्वयंपाकघरात परात परत आली होती, तळाशी डाळिंबाचं पाणी तेवढं उरलेलं. अंबूबाई सालींच्या ढिगात बोटं फिरवत बसली. चकती सापडली. कडा वाळून वर वळल्या होत्या. तिनं ती धुतली, पदरानं पुसली, पोचा चाचपला आणि रिकाम्या कडेवर बोटानं सात जागा मोजून तिथं ठेवली.

"आज्जी, परात घासायला घेऊ?" पूर्णिमा दारातून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं जरा."