बाहेर न गेलेली एकोणीस पत्रं

पोस्टात तेव्हा सात-आठ माणसं होती, आणि त्या सगळ्यांदेखत लॉर्न हिमलमननं अव्हर्ड झिंकला खोटारडा ठरवलं.

नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॅनर्स लेज या गावात टपाल घरोघर येत नाही. ज्यानं त्यानं पोस्टात जाऊन आपली पेटी उघडायची. त्यामुळे सकाळी दहाच्या सुमाराला निम्मं गाव तिथे भेटतं. लॉर्ननं अव्हर्डला पेट्यांपाशीच गाठलं.

“तीन मेल पाठवल्या मी तुला, अव्हर्ड. तीन! सभागृहाच्या छपराचं काय करायचं म्हणून. एक ओळ लिहायला हात झिजतात का रे तुझे?”

“मला एकही आलेली नाही, लॉर्न.”

“असं का? नववीतली पोरं मला हेच सांगायची. गृहपाठ केलाय सर, वही घरी राहिली.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. अव्हर्ड हसला नाही. चाळीस वर्षं समुद्रावर लॉबस्टर धरलेला तो माणूस, रापलेला. पण त्याचे कान लाल झालेले सगळ्यांना दिसले. त्यानं आपलं टपाल कोटाच्या खिशात कोंबलं आणि कुणाकडे न बघता तो बाहेर पडला.

लॉर्न मात्र खुशीत घरी आला. पंचवीस वर्षं तो इथल्या शाळेचा मुख्याध्यापक होता, आणि निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी एखाद्याची बोबडी वळवली की त्याला बरं वाटायचं. स्वयंपाकघरात बर्निस सलगम सोलत होती. त्यानं तिला सगळी हकिकत रंगवून सांगितली.

तिनं सुरी खाली ठेवली.

“माझ्या बहिणीला तू ईस्टरचे फोटो पाठवलेस ना?”

“केव्हाच.”

“तिला मिळाले नाहीत. काल फोनवर म्हणाली. मी म्हटलं, तिचाच काहीतरी घोळ असेल.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “लॉर्न, तुझ्या त्या संगणकावर सारखी एक चौकट येते. ती तू वाचतोस का रे कधी?”

“कुठली चौकट?”

“जी तू डास मारल्यासारखी बंद करतोस, ती.”

तो तणतणत आतल्या खोलीत गेला. स्वतःच्याच पत्त्यावर त्यानं एक ओळ लिहिली आणि ‘पाठवा’वर टिचकी मारली. चौकट आली. या खेपेला त्यानं ती वाचली. तिच्यात साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, की आपलं पत्र पाठवता आलेलं नाही. पत्रं बाहेर नेणाऱ्या सर्व्हरशी संपर्क होत नाही.

पुढचे दोन दिवस त्यानं जमेल ते सगळं केलं. संगणक बंद करून चालू केला. इंटरनेटच्या डब्याची वायर उपटली, परत खोचली. पासवर्ड बदलला, तर येणाऱ्या मेलही बंद पडल्या. मग घाबरून जुना पासवर्ड परत घातला. इंटरनेट कंपनीला फोन लावला आणि पाऊण तास थांबून नुसती गिटार ऐकली. गंमत म्हणजे येणारं टपाल सुरळीत होतं. जाहिराती येत होत्या, मेहुणीची ‘फोटो कुठे आहेत?’ अशी मेलही आली होती. जात मात्र काही नव्हतं. बिघाड ईस्टरनंतरचा असणार असं त्यानं धरलं होतं. म्हणजे अव्हर्डला लिहिलेल्या मेल त्यात अडकल्या. अव्हर्ड खरंच बोलत होता.

“जोलीनला बोलाव,” बर्निस म्हणाली. “परवा त्या लोहनसबाईंचा फोन तिनं दहा मिनिटांत दुरुस्त केला.”

“बघू.”

“बघू काय? घरी येते ती. सांगून तर बघ.”

त्यानं ‘बघू’ का म्हटलं, ते बर्निसला ठाऊक नव्हतं. जोलीन क्रीझर गावातली लायब्ररी एकटीनं चालवत होती. मार्चमध्ये जिल्ह्याच्या ग्रंथालय मंडळानं लोकांची मतं मागवली होती, की गावातल्या लायब्ररीला पूर्णवेळ माणूस ठेवावा की नाही. लॉर्ननं मत कळवलं होतं. दीड पान. लिहिलं होतं, की या बाई पुस्तकांपेक्षा म्हाताऱ्यांच्या फोनमध्येच जास्त रमतात. भिंतीवर लावलेल्या सूचनांमध्ये शुद्धलेखनाच्या चुका असतात, आणि हे आश्चर्याचं नाही, कारण शाळेत ही मुलगी माझ्याच हाताखाली होती आणि तेव्हाही तिला साधे शब्द लिहिता येत नसत. तरी मंडळानं अधिक योग्य व्यक्तीचा विचार करावा. पत्र मुद्देसूद होतं. लिहून झाल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचूनही पाहिलं होतं.

पत्रामागचं कारण पत्रात नव्हतं. त्याला गुरुवारी दुपारी लायब्ररीत गावच्या इतिहासावर व्याख्यानं द्यायची होती. जोलीन म्हणाली होती, “सर, गुरुवारी संगणक मदतीचा तास असतो. बुधवार चालेल का?” एवढंच. नाक मुरडलं नाही, काही नाही. पण त्याला ते लागलं होतं.

पत्र गेलं, असं समजून त्यानंतर तो चारदा लायब्ररीत गेला होता. पुस्तकं घेतली होती. “कशी आहेस, जोलीन?” असं विचारलंही होतं. आणि आता त्याच बाईला मदतीला बोलवायचं. दुसरं कुणी असतं तर त्यानं तिला बोलावलं नसतं. पण दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला थोडंच ठाऊक होतं? त्यानं फोन केला.

शनिवारी दुपारी जोलीन आली. सेहेचाळीस वर्षांची, ठेंगणी, रबरी बूट दाराशी काढून मोज्यांवरच आत आली.

“काय म्हणतंय यंत्र, सर?”

“बोलत नाही, तोच तर त्रास आहे,” तो म्हणाला. बर्निसनं चहा आणि ओटची बिस्किटं आणून ठेवली.

जोलीननं आधी चौकट वाचली. पूर्ण वाचली, ओळीखाली बोट धरून. मग सेटिंग उघडली.

“तुमच्या कंपनीकडून काही पत्र आलं होतं का? मार्चमध्ये?”

“आलं असेल. ते काहीबाही पाठवत असतात.”

“त्यांनी बाहेर जायची जुनी वाट बंद केलीय. चोरांच्या मेल तिथूनच जायच्या म्हणून. हा आकडा बघा, पंचवीस. इथे आता पाचशे सत्त्याऐंशी घालायचा. आणि इथे खूण करायची, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रालाही पासवर्ड लागेल. आत यायला दार वेगळं, बाहेर जायला वेगळं. तुमचं आतलं नीट होतं.” तिनं आकडा घातला, पुन्हा तपासून पाहिला, आकड्यांवरूनही बोट फिरवलं. “सोळा मार्चपासून बंद आहे हे, सर. म्हणजे तेव्हापासून काहीच गेलेलं नाही.”

लॉर्ननं कप खाली ठेवला.

सोळा मार्च. आणि ते पत्र त्यानं लिहिलं होतं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.

“बरं, बरं,” तो घाईनं म्हणाला, “झालं ना मग? आता पुढचं मी करतो. तुझा शनिवार कशाला वाया घालवतेस.”

“दोनच मिनिटं. अडकलेली पत्रं बघू या.”

“राहू दे, जोलीन.”

“अहो, ती आपोआप जातील सगळी. एकदा बघून घ्यायला हवीत.” आणि तिनं ती यादी उघडली.

एकाखाली एक पत्रं होती. छप्पर, अव्हर्डच्या नावानं. परत छप्पर. ईस्टरचे फोटो. दाताच्या डॉक्टरांचा फॉर्म. तिचं बोट पडद्यावरून हळूहळू खाली सरकत होतं, आणि एका ओळीशी ते थांबलं. ओळ अशी होती: ‘जोलीन क्रीझर यांच्या नेमणुकीबाबत.’ शेजारी मंडळाचा पत्ता आणि तारीख.

तिला साधे शब्द लिहिता येत नसत, हे त्यानं पत्रात लिहिलंच होतं. आता तो उभा राहून तिला ती ओळ वाचताना बघत होता. धावत जाऊन पडद्यापुढे उभं राहावं असं त्याला वाटलं. कानशिलं नुसती भाजत होती.

तिनं पत्र उघडलं नाही. खुर्ची मागे सारून ती उठली.

“एकोणीस आहेत, सर,” ती म्हणाली. आवाज मगाचाच, फक्त जरा कोरडा. “मी ‘पाठवा’ दाबलं की सगळी एकदम जातील. नको असतील ती आधी काढून टाका. बसा तुम्ही.”

आणि ती खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

लॉर्न बसला. माउसवर हात ठेवला. एका टिचकीत पत्र पुसलं गेलं असतं आणि मग दोघांनाही काही झालंच नाही असं वागता आलं असतं. त्यानं टिचकी मारली. यादीत अठरा राहिली. पण काही झालंच नाही असं वाटेना.

“तू बघितलंस,” तो म्हणाला.

“विषय वाचला. पत्र तुमचं आहे, ते कशाला वाचू?” ती वळली नाही. “काय असेल ते कळतं. शुद्धलेखनाचं असेल.”

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

“ते खरंच आहे, सर. मला अक्षरं एका जागी दिसतच नाहीत. तिसाव्या वर्षी तपासून घेतलं, तेव्हा कळलं. आजार म्हणा, खोड म्हणा, जन्माचीच आहे. आता सूचना लावायच्या आधी मुलीला दाखवते, पण कधी ती नसते.” मग ती म्हणाली, “नववीत तुम्ही मला ‘आवश्यक’ हा शब्द फळ्यावर शंभरदा लिहायला लावला होता. आठवतं?”

त्याला आठवत नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. अशी किती पोरं त्यानं फळ्यापाशी उभी केली होती, आणि त्यातलं एकही त्याला आठवत नव्हतं.

“मी शंभरदा लिहिला,” जोलीन म्हणाली, “आणि शंभर वेळा चुकला. वर्ग हसत होता. तुम्हीसुद्धा.”

“जोलीन, मी... मला माफ—”

“आज नको, सर.” ती आता वळली. डोळे कोरडे होते. “तुम्ही ते लिहून महिना झाला ना? त्यानंतर तुम्ही येत होता, माझ्याशी बोलत होता. मला वाटत होतं, सर म्हातारपणी मऊ झालेत. मी घरी सांगितलंही होतं.”

एवढं बोलून ती पुढे झाली आणि तिनं ‘पाठवा’ दाबलं. अठरा पत्रं एकामागून एक निघून गेली. तिनं एक चाचणी मेल पाठवून बघितली, ती आली. “झालं,” म्हणाली. बूट घातले, बर्निसचे चहाबद्दल आभार मानले आणि गेली.

बर्निस दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“कसलं पत्र, लॉर्न?”

त्यानं सांगितलं. व्याख्यानांसकट सगळं सांगितलं. काही गाळावं असं वाटत होतं, पण गाळलं नाही. ती रागावेल अशी त्याची अपेक्षा होती. ती रागावली नाही. तिनं न खाल्लेली बिस्किटं डब्यात भरली, झाकण लावलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

सोमवारी तो दहाच्या ठोक्याला पोस्टात गेला. अव्हर्ड पेटी उघडत होता. लॉर्ननं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की चूक माझी होती, मेल माझ्याकडेच पडून होत्या, आणि मी तुला नाही नाही ते बोललो.

अव्हर्डनं डोकं खाजवलं. “शनिवारी तिन्ही आल्या. तिसरीत तू मला गाढव म्हटलंयस.”

“तेही मागे घेतो.”

“घे घे. छपराचं काय, तू म्हणशील तसं करू.” आणि त्यानं लॉर्नच्या पाठीवर असा धपका मारला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला. लोक हसले. हे इतकं सोपं गेलं म्हणूनच लॉर्नला दुसरं जास्त जड वाटू लागलं.

मंडळाची मतं घ्यायची मुदत कधीच संपली होती. जोलीनची नोकरी टिकली होती. त्याच्या पत्रानं तिचं काही बिघडलं नव्हतं. चार दिवस तो हेच स्वतःला समजावत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला कळत होतं, की पत्र पोहोचलं नाही यात त्याचा काडीचाही हात नव्हता. त्यानं तर ते पाठवलं होतं.

गुरुवारी दुपारी तो लायब्ररीत गेला. मदतीचा तास होता. टेबलासमोर एक आजीबाई टॅब्लेट घेऊन बसल्या होत्या, मागे आणखी दोघं. लॉर्न टोपी हातात घेऊन रांगेत बसला. गावातली निम्मी म्हातारी मंडळी त्याला ओळखत होती. “काय सर, तुमचंही अडलं का?” कुणी विचारलं. त्यानं मान हलवली. त्याच्या मागून आणखी दोघं येऊन बसली.

त्याची पाळी आली. तो समोर बसला. रात्रभर तयार केलेली वाक्यं त्याला एकही आठवेना.

“काय अडलंय, सर?” जोलीननं विचारलं. पेन्सिल हातात होती, नजर वहीवर.

“यंत्र चालतंय,” तो म्हणाला. मागच्यांना ऐकू जात होतं हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं आवाज कमी केला नाही. “मी तुझ्याविरुद्ध मंडळाला पत्र लिहिलं. खोट्या मोठेपणापायी लिहिलं. आणि नववीत तुला फळ्यापाशी उभं केलं, तेही चुकलं. तुला शिकवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही, वर हसलो.”

जोलीननं पेन्सिल वहीवर ठेवली.

“ऐकलं,” ती म्हणाली. मग जराशानं, “तुमच्या मागे दोघं थांबलेत, सर.”

“हो. हो, खरंच.”

तो उठला. खुर्ची जागेवर सरकवली, टोपी घातली, आणि सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन दारापर्यंत चालत गेला. बाहेर वारा बोचत होता. तो गाडीत बसला. चेहरा अजून जळत होता, आणि तो जळत राहावा असंच त्याला वाटलं.