टाकी भरेपर्यंत

फ्लशची टाकी हळू भरायची आणि भरताना शिट्टीसारखी वाजायची. त्या आवाजाच्या आडोशाला पूर्णिमा बोरगावच्या धाकट्या बहिणीशी, रक्षाशी, फोनवर बोलायची. बेळगावातल्या त्या घरात एरवी सासूबाईंच्या कानांतून काही सुटत नसे. सुनेने नोकरीचं नाव काढलं की घर पेटायचं, आणि रक्षाने तर तिच्यासाठी निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा बघितली होती.

आज सकाळी सासऱ्यांनी प्लंबर आणून टाकी दुरुस्त करून घेतली. दुपारी फोन थरथरला. पूर्णिमाने आत जाऊन कडी लावली, फ्लश दाबला. टाकी गुपचूप, झटक्यात भरली.

"शाळेला आजच सांगायचं हाय, आक्का. व्हय का न्हाय?" रक्षाने विचारलं.

"कुणाशी बोलतीस गं?" बाहेरून सासूबाई.

पूर्णिमाने टाकीखालचा कॉक जवळजवळ बंद केला आणि पुन्हा फ्लश दाबला. अरुंद फटीतून पाणी शिट्टी घालत चढू लागलं.

"लई शहाणा प्लंबर आणलासा! परत वाजाय लागली बघा," सासूबाई सासऱ्यांवर घसरल्या.

"व्हय म्हणून सांग," पूर्णिमा फोनवर म्हणाली.

आता हे घरात सांगायचं होतं. कडीवर हात ठेवून ती उभी राहिली. टाकी भरायला अजून वेळ होता.