गादीवर आडवी केलेली गाडी

दंतवैद्याने सहा महिने दोन मोटारसायकलींचा नुसता कीस पाडला होता. दोन्ही बाराशे सीसीच्या, दोन्ही लांबच्या खडबडीत प्रवासाच्या, आणि त्यांच्या कंपन्या एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या. एकीचं इंजिन लोण्यासारखं, दुसरीचं सस्पेन्शन खड्डे गिळणारं. त्याचे तुलनेचे तक्ते ऐकून बायकोचे कान किटले होते. पोटातली भीती मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती: अडीचशे किलोंचं हे धूड आडरानात आडवं झालं, तर?

वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. दुकानदाराने गादी अंथरून पहिली अलगद आडवी केली. "आमच्याकडे आधी उचलून दाखवायची, मगच घ्यायची."

दंतवैद्याने दातओठ खाऊन जोर लावला. गाडी ढिम्म, कंबर तेवढी कळवळली. दुकानदाराने ती उभी करून दुसरी आडवी केली; तिनेही दाद दिली नाही.

"सरक," सोबत आलेली बायको म्हणाली. तिने गाडीकडे पाठ केली, सीटला टेकली, हँडल आणि मागची दांडी धरली, आणि पायांवर भार देत एकेक पाऊल मागे रेटत गाडी उभी केली. वीस वर्षं ती वॉर्डात नर्स होती. "पेशंटही असाच उचलतात. कंबरेने नाही, पायांनी."

दंतवैद्याचा सहा महिने अडकलेला श्वास सुटला. "मग यातली कुठली घेऊ?"

ती आता दोन्हींच्या मागच्या सीटवर आळीपाळीने बसून बघत होती. "ही. तुझ्या तक्त्यात माझ्या सीटचा रकानाच नव्हता."