साडेपाच मिलिमीटर

राजाभाऊ करंदीकरांचं आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेलं. सरकारी भूमापनात बत्तीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात कुणाचा बांध त्यांनी वीतभरसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्यामुळे रत्नागिरीत त्यांना मान फार, आणि जेवायला बोलावणारे फार थोडे.

जेवायच्या टेबलावर मात्र त्यांच्याकडे रेल्वे होती. मुलगी सावनी इंग्लंडहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने वाफेच्या इंजिनासारखं छोटं खेळण्यातलं इंजिन आणलं होतं. खोक्यातून काढायचं, रुळांवर ठेवायचं, वीज जोडायची की लागलं धावायला. पुढे दर खेपेला एक, अशी सात इंजिनं झाली. टेबलाच्या कडेकडेने गोल रूळ. जेवणं आटपली की राजाभाऊ उघड्या डब्यात बडीशेप भरून गाडी सोडत. ती वळसा घालून समोर बायकोच्या, लीलाबाईंच्या ताटापाशी थांबे. लीलाबाई बडीशेप उचलत आणि ताटावर चमचा दोनदा वाजवत. तो सिग्नल. तो मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम होता. एकदा लीलाबाई मधेच उठून बहिणीशी फोनवर चाळीस मिनिटं बोलल्या. चाळीस मिनिटं गाडी उभी होती आणि खरकट्या हाताने राजाभाऊ बसून होते.

वय झालं तशी मालवाहतूक बदलली. बडीशेपेच्या जागी ब्लडप्रेशरची गोळी येऊ लागली.

मग राजाभाऊ निवृत्त झाले. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि त्याच्या हाताशी मोजपट्टी असली तर घराला धोका असतो. एका दुपारी त्यांनी रूळ मोजले आणि तसेच खुर्चीत बसले.

"लीला, एक फूट साडेचार इंचांचं अतिक्रमण आहे."

"कुणाच्या जागेत?"

"आपल्या टेबलावर. हे इंजिन चार मिलिमीटरला एक फूट या प्रमाणातलं. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. म्हणजे दोन रुळांत बावीस मिलिमीटर हवेत. आहेत साडेसोळा."

"मग? कोण येतंय तक्रार घेऊन?"

पण राजाभाऊंनी स्वतःच तक्रार घेतली होती आणि स्वतःच दाखल करून घेतली होती. इंटरनेटवर त्यांना याच दुःखाने पछाडलेले बरेच म्हातारे भेटले. इंजिनाची चाकं उपटायची, त्यांना जोडणारा लांब आस घालायचा, बारीक कडेची नवी चाकं बरोबर अंतरावर बसवायची. डाव्या चाकाच्या खुंटीशी उजव्याच्या खुंटीचा काटकोन चुकला की इंजिन लंगडतं. चाकं बाहेर आली की ती अंगाला घासतात, म्हणून अंगही कापायचं. सातही इंजिनं एकदम उघडली गेली. जुने रूळ आणि जुनी चाकं भंगारवाल्याला द्यायला त्यांनी बायकोला सांगितलं.

"दिलं," लीलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर सहा वर्षं त्या घरात गाडी धावली नाही. टेबलावर इंजिनांची हाडं पसरलेली, म्हणून जेवणं ओट्यापाशी उभ्याने. कधी काटकोन चुकला, कधी आस वाकला, कधी राजाभाऊंना आपलीच मापं पटली नाहीत. लीलाबाई गोळी आपली आपण घेत. कधी घेत, कधी विसरत.

"कोकण रेल्वेसुद्धा एवढ्यात झाली असती हो," त्या म्हणत.

"त्यांच्याकडे माणसं होती."

यंदा आषाढात लीलाबाईंचं हृदय थकलं. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी पथ्यपाणी काही सांगितलं नाही; काय हवं ते खाऊ द्या म्हणाले. राजाभाऊंना त्याचा अर्थ कळला, आणि कळला नाही असं त्यांनी ठरवलं.

"अहो, एकदा गाडी सोडा ना," त्या पडल्यापडल्या म्हणाल्या.

"कशावर सोडू?"

"गोधड्यांच्या ट्रंकेत रूळ आहेत. चाकं मोरावळ्याच्या बरणीत. भंगारात नव्हती दिली मी."

"म्हणजे सहा वर्षं खोटं बोललीस?"

"तुमची गाडी दहा वर्षं खोटी धावली, तेव्हा मी बोलले काही?"

राजाभाऊ पलंगाच्या कडेला बसले. मग त्यांनी समजूत घातली. "हे बघ, पहिल्या इंजिनाचं फक्त दोन आसांवर अडलंय. कुरिअर निघालंय. पंधरा दिवस थांब. बरोबर मापाची पहिली गाडी तुझ्याकडेच येईल."

"मला कुठे मेली मोजायचीय? बघायचीय नुसती."

"पंधरा दिवस गं."

"बरं," त्या म्हणाल्या. संसारात हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला होता, की तो शेवटचा आहे हे ओळखू येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

लीलाबाई मंगळवारी पहाटे गेल्या. गुरुवारी कुरिअरवाला आला. राजाभाऊंनी सही करून आस घेतले, कागद फाडला, माप घेतलं. तंतोतंत होतं.

दिवसकार्य आटोपून सावनी परत गेली, तेव्हा त्यांनी मोरावळ्याची बरणी काढली. जुनी चाकं जोडीजोडीने दोऱ्यात बांधलेली, प्रत्येकाला चिठ्ठी. इंजिनांचे नंबर लीलाबाईंना कधीच पाठ नव्हते. चिठ्ठ्यांवर त्यांच्या अक्षरात होतं: 'हिरवं.' 'काळं, खोकणारं.' 'सावनीने आणलेलं पहिलं.'

पहिल्याचं अंग कापलेलं होतं, ते तसंच राहिलं. जुनी चाकं बसवायला साडेतीन तास लागले. राजाभाऊंनी घड्याळात पाहिलं, कारण वेळ मोजायचीही त्यांना सवय होती. साडेतीन तास. पंधरा दिवसांच्या आश्वासनात असे किती बसले असते, याचा हिशेब त्यांनी सुरू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट सोडला.

टेबल पुसून त्यांनी रूळ मांडले. साडेसोळा. डब्यात चिमूटभर बडीशेप घातली आणि गाडी सोडली. ती डुगडुगत वळसा घेऊन गेली आणि समोरच्या खुर्चीपाशी थांबली. थांबवायला हात आपोआप गेला होता.

त्यानंतरच्या रविवारी सावनीने व्हिडिओ कॉल केला. राजाभाऊ टेबलाच्या आपल्या बाजूला जेवत होते.

"बाबा! गाडी लावलीत? मग ती तिकडे उभी का? चालत नाही?"

"चालते."

"मग आणा ना इकडे."

राजाभाऊंनी भात कालवला, समोर पाहिलं.

"सिग्नल नाही," ते म्हणाले.